मिठातलं शिसं मोजताना ब्लँक वर जातो आणि रिकव्हरी खाली येते, तेव्हा

सोडियम क्लोराइडमधलं, म्हणजे मिठातलं, शिसं ग्राफाइट फर्नेसवर (द्रावणाचा थेंब ग्राफाइटच्या छोट्या ट्यूबमध्ये तापवून त्यातले अणू लॅम्पचा किती प्रकाश शोषतात ते मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणाऱ्यांना ही जोडगोळी कधी ना कधी भेटतेच. ब्लँक, म्हणजे मीठ सोडून बाकी सगळं तसंच करून घेतलेलं वाचन, जागेवर राहत नाही, सकाळी ०.२ पीपीबी (अब्ज भागांत ०.२ भाग) तर दुपारी २.८. आणि नमुन्यात आपण स्वतःच्या हाताने घातलेलं शिसं मोजायला जावं तर शंभरातलं साठ-सत्तरच हाती लागतं, हीच रिकव्हरी. मग ट्यूब बदलतात, लॅम्प बदलतात, सर्व्हिस इंजिनिअर येऊन जातो. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

आमच्याकडे हे सात-आठ महिने चाललं. शेवटी लक्षात आलं की आम्ही दोन वेगळ्या आजारांवर एकच औषध देत होतो. ब्लँक वर जातो तो बाहेरचं शिसं आत शिरतं म्हणून. रिकव्हरी खाली येते ती आतलं शिसं मोजायच्या आधीच निघून जातं म्हणून. एक दुरुस्त केला की दुसरा उघडा पडतो, आणि आधीच्या दुरुस्तीचा काही उपयोग झाला नाही असं वाटत राहतं. हे दोन्ही वेगळे कसे काढायचे आणि मग प्रत्येकाचं काय करायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

आकडे समोर असले की बोलणं सोपं जातं, म्हणून आमची पद्धत आधी सांगतो. १ ग्रॅम मीठ ०.२ टक्के नायट्रिक आम्लात विरघळवून ५० मिली करायचं, म्हणजे २ टक्क्यांचं द्रावण. मिठात शिशाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो धरली, तर द्रावणात ते १० पीपीबी होतं. ट्यूबमध्ये आपण २० मायक्रोलिटर सोडतो, म्हणजे २०० पिकोग्रॅम शिसं. त्याच थेंबात मीठ किती? ४०० मायक्रोग्रॅम. शिशाच्या वीस लाख पट मीठ त्या इवल्याशा प्लॅटफॉर्मवर (ट्यूबमधल्या छोट्या पत्र्यावर) बसलेलं असतं. हा वीस लाखाचा आकडा मी फर्नेसच्या वर कागदावर लिहून चिकटवला आहे, कारण पुढची निम्मी कहाणी त्यातच आहे.

आधी यंत्राला संशयातून मोकळं करा

यावर फार वेळ घालवायचा नाही, पण ही पायरी गाळायचीही नाही. लॅम्प अर्धा तास तापू द्या. रेषा २८३.३ नॅनोमीटरची घ्या. २१७.० वर संवेदनशीलता साधारण दुप्पट मिळते खरी, पण आवाज (सिग्नलमधली थरथर) आणि बॅकग्राउंडही (शिशाखेरीज इतर गोष्टींनी अडवलेला प्रकाश) वाढतं, आणि मिठाच्या नमुन्याला ते परवडत नाही. मग मीठ वगैरे काही नसलेलं साधं १० पीपीबीचं स्टँडर्ड (शिशाचं प्रमाण ठाऊक असलेलं द्रावण) तीनदा चालवा आणि पीकचं, म्हणजे सिग्नलच्या उंचवट्याचं, क्षेत्रफळ पाहा, उंची नाही. त्यावरून कॅरॅक्टरिस्टिक मास (०.००४४ एवढा सिग्नल यायला लागणारं शिसं) काढा: ०.००४४ गुणिले पिकोग्रॅम, भागिले क्षेत्रफळ. समजा २०० पिकोग्रॅमला ०.०३० आलं, तर उत्तर साधारण २९ पिकोग्रॅम. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत याच तरंगलांबीला आणि याच प्रकारच्या ट्यूबला जो आकडा दिला आहे, त्याच्या वीस टक्क्यांच्या आत असाल तर लॅम्प, ट्यूब, खिडक्या, आर्गॉन सगळं ठीक आहे. यंत्राला हात लावू नका.

हा आकडा रोज वहीत लिहायची सवय लावा. आम्ही ती लावली तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की ज्या दिवशी रिकव्हरी ६२ टक्के होती, त्या दिवशीही कॅरॅक्टरिस्टिक मास अगदी चोख होता. म्हणजे आम्ही दोन ट्यूब विनाकारण फेकल्या होत्या.

आकडा बिघडलेला असेल तर मात्र क्रमाने बघा: थेंब नीट पडतो का, खिडक्यांवर धूळ किंवा पांढुरका थर आहे का, ट्यूब धरणाऱ्या ग्राफाइटच्या कड्या काजळल्या आहेत का, अ‍ॅटमायझेशनच्या वेळी (एकदम तापवून शिशाचे मोकळे अणू करायच्या पायरीला) आर्गॉन बंद होतो का. यातली थेंबाची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा निघते आणि तीच सगळ्यात कमी तपासली जाते. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा गोल आरसा घ्या, ट्यूबच्या तोंडाशी धरा आणि केशनळी खाली येताना बघा. थेंब नळीच्या टोकाला लोंबत असतानाच प्लॅटफॉर्मला टेकला पाहिजे आणि नळी वर उचलल्यावर पूर्ण खाली राहिला पाहिजे. नळी उंच राहिली तर थेंब नळीच्या बाहेरच्या अंगाला चढतो. फार खाली गेली तर नळीचं टोकच द्रावणात बुडतं आणि वर येताना थोडं सोबत घेऊन येतं. मिठाचं द्रावण असेल तर त्या टोकाला सुकून पांढरी टोपी तयार होते. ती दिसली की समजा, पुढच्या प्रत्येक थेंबात मागच्या नमुन्याचा वाटा आहे. टोक धारदार ब्लेडने तिरकं कापा, आम्लाने पुसा, उंची पुन्हा जुळवा.

शिसं शिरतं कुठून, ते पायरीपायरीने

ब्लँक वर गेला की बहुतेक जण म्हणतात, पाणी बदला. पाण्याचा दोष असूही शकतो, पण अंदाजाने बदलत बसण्यापेक्षा पाच फेऱ्या चालवा. अर्धा तास लागतो आणि उत्तर मिळतं.

पहिली फेरी रिकामी: ट्यूबमध्ये काहीच न सोडता पूर्ण प्रोग्रॅम चालवा. पीक आलं तर शिसं ट्यूबमध्ये किंवा तिच्या आजूबाजूच्या ग्राफाइटमध्ये आहे. दोन-तीनदा क्लीनिंग तापमानावर जाळा, पुन्हा बघा.

दुसरी फेरी: नुसतं ०.२ टक्के नायट्रिक आम्लाचं पाणी. इथे पीक आलं तर पाणी, आम्ल, कप किंवा ऑटोसॅम्पलरची (थेंब आपोआप सोडणाऱ्या हाताची) नळी यातलं काहीतरी. कप बदलून पुन्हा चालवा. कप नवा म्हणजे स्वच्छ असा समज करून घेऊ नका, पिशवीतून काढलेले कप थेट वापरणं मी कधीच थांबवलं आहे.

तिसरी: तेच पाणी, त्यात मॉडिफायर (मीठ घालवायला आणि शिसं धरून ठेवायला थेंबात मिसळायचं रसायन). इथे उडी दिसली तर दोष मॉडिफायरचा. चौथी: पूर्ण पद्धतीचा ब्लँक, म्हणजे मीठ सोडून बाकी सगळं, त्याच फ्लास्कमध्ये, त्याच टेबलावर, तितकाच वेळ उघडं ठेवून. आणि पाचवी: हाच ब्लँक पाच वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये.

पाचवी फेरी आम्ही अनेक महिने केलीच नव्हती, आणि नेमकं उत्तर तिथे होतं. पाच फ्लास्कचे आकडे असे आले: ०.२, ०.३, २.८, ०.२, १.९. पाणी खराब असतं तर पाचही वर गेले असते. दोनच वर गेले म्हणजे दोष त्या दोन फ्लास्कचा. काचेवरचे नंबर पाहिले, जुनी वही उघडली आणि उलगडा झाला. ते दोन्ही फ्लास्क कधीकाळी १० मिलिग्रॅम प्रति लिटरचं मधलं स्टँडर्ड बनवायला वापरले होते. धुऊन, सुकवून ते पुन्हा सगळ्यांच्या रांगेत येऊन बसले होते.

हिशोब करून बघा, अंगावर काटा येतो. १०० मिलीच्या फ्लास्कमधून ते द्रावण ओतून टाकलं आणि भिंतीला फक्त ०.१ मिली चिकटून राहिलं, तर त्यात १ मायक्रोग्रॅम शिसं आहे. त्याच फ्लास्कमध्ये १०० मिली ब्लँक बनवला की झाले १० पीपीबी. आपली मर्यादाच १० पीपीबीची आहे. विसळल्याने हे पुष्कळ कमी होतं, पण काच शिसं धरून ठेवते आणि नंतर आम्ल मिळालं की हळूहळू सोडते. म्हणूनच त्रास एक दिवस असतो, दोन दिवस नसतो: त्या दिवशी तो फ्लास्क कुणाच्या हाती लागला, एवढाच प्रश्न.

आता आमच्याकडे स्टँडर्डची भांडी आणि नमुन्यांची भांडी कायमची वेगळी आहेत, आणि पीपीबी पातळीवर काच नाहीच, पॉलिप्रॉपिलीन आहे. भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात किमान एक रात्र, नंतर अतिशुद्ध पाण्याने तीनदा विसळून ०.२ टक्के आम्लाने भरूनच ठेवायची. वापरायच्या वेळी ओतून द्यायचं. सुकवायला उघड्यावर पालथी मांडायची नाहीत, कारण धूळ म्हणजे शिसं. पावडर लावलेले हातमोजे नकोत, त्यांनी झिंकच्या मोजणीचं वाटोळं होतं. आणि कॅडमियमही मोजत असाल तर पिपेटच्या पिवळ्या टिप्स आम्लात भिजवून तपासून बघा. काही रंगांमधून कॅडमियम निघतं, आणि पारदर्शक टिप्स वापरल्या की हा प्रश्नच उरत नाही.

ही काळजी कुणाला जास्तीची वाटत असेल तर अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचं उदाहरण आठवावं. उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून त्यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं. त्या कामात त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते प्रयोगशाळेतल्याच शिशाने: हवेतल्या, भांड्यांतल्या, रसायनांतल्या. ते काबूत येईपर्यंत आकडे जुळत नव्हते. त्यातूनच त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभी केली आणि पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध उभे राहिले.

एक चुकीचा उपाय मी वारंवार पाहतो: “ब्लँक आहे ना, मग वजा करून टाका.” वजा करता येतं, पण तो स्थिर असेल तरच. वरचे पाच आकडे घ्या. सरासरी सुमारे १.१ आणि प्रमाणित विचलन १.२. शोधसीमा विचलनाच्या तिप्पट धरतात, म्हणजे ३.६ पीपीबी. १० पीपीबीच्या मर्यादेवर निकाल द्यायचा आणि आपल्याला ३.६ च्या खालचं दिसतच नाही, तर त्या निकालाचा भरवसा कोणी धरावा? फ्लास्क बदलल्यावर तेच पाच ब्लँक ०.२ ते ०.३ च्या दरम्यान आले आणि शोधसीमा ०.२ च्याही खाली उतरली. शिवाय घाणेरड्या फ्लास्कमधला ब्लँक जर स्वच्छ फ्लास्कमधल्या नमुन्यातून वजा केला, तर नमुन्याचं खरंखुरं शिसंच आपण पुसून टाकतो. मर्यादेबाहेरचा माल असा चांगला ठरू शकतो.

आतलं शिसं जातं कुठे

ब्लँक सुधारला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. रिकव्हरी मात्र ६५ च्या आसपासच अडकली होती.

इथे आधी दोन प्रकारचे स्पाइक (आपण घातलेलं ठरावीक शिसं) वेगळे ओळखा. एक मीठ विरघळवण्याआधी घालायचा, दुसरा तयार द्रावणाच्या १० मिलीमध्ये. १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या स्टँडर्डमधले ०.१ मिली घातले की १० पीपीबीची भर पडते. दुसरा स्पाइक नीट परत मिळतो आणि पहिला नाही, तर शिसं तयारीत हरवतंय: आम्ल कमी पडून भांड्याच्या भिंतीला बसतंय, गाळणीत राहतंय किंवा उडतंय. दोन्ही सारखेच कमी येत असतील तर घोळ ट्यूबमध्ये आहे. आमचे दोन्ही ६५ होते.

ट्यूबमध्ये काय होतं ते समजून घेऊ. थेंब सुकतो, मीठ आणि शिसं एकत्र बसतात. आजूबाजूला क्लोराइडचा महापूर, त्यामुळे शिशाचं लेड क्लोराइड होतं. ते ५०१ अंश सेल्सिअसलाच वितळतं आणि सहज उडतं. मीठ मात्र वितळतंच ८०१ अंशांना. म्हणजे मीठ घालवायला तापमान वाढवावं तर शिसं आधी पळतं, आणि शिसं टिकावं म्हणून तापमान कमी ठेवावं तर सगळं मीठ अ‍ॅटमायझेशनपर्यंत पोचतं. तिथे ते धुरासारखं उसळतं, प्रकाश अडवतं, आणि त्याच्या वाफेतला क्लोरीन शिशाच्या मोकळ्या अणूंना पुन्हा जखडतो. आपण मोजतो फक्त मोकळे अणू. जखडलेलं शिसं ट्यूबमध्येच असतं, पण यंत्राला दिसत नाही.

यातून वाट काढायची तर दोन कामं करावी लागतात: क्लोराइड कमी तापमानाला घालवायचं आणि शिशाला जास्त तापमानापर्यंत धरून ठेवायचं.

पहिलं काम अमोनियम नायट्रेट करतं. मिठाबरोबर त्याची अदलाबदल होते आणि अमोनियम क्लोराइड व सोडियम नायट्रेट तयार होतं. अमोनियम क्लोराइड साधारण ३४० अंशांच्या आसपास उडून जातं, सोडियम नायट्रेट ४०० च्या जवळ विघटित व्हायला लागतं. ८०० अंशांना न हटणारं मीठ ४०० च्या आतबाहेर मोडतं. किती घालायचं? ४०० मायक्रोग्रॅम मिठाला हिशोबाने सुमारे ५५० मायक्रोग्रॅम लागतं. आम्ही जवळपास दुप्पट घालतो, १० टक्के द्रावणाचे १० मायक्रोलिटर, म्हणजे १ मिलिग्रॅम.

पण इथेच पहिला आजार मागच्या दाराने परत येतो. त्या १ मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेटमध्ये शिसं जर ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत ०.५ भाग) असेल, तर प्रत्येक थेंबाबरोबर आपण ५०० पिकोग्रॅम शिसं स्वतःच आत टाकतो. मर्यादेवरच्या नमुन्यात असतं २०० पिकोग्रॅम. एरवीच्या कामाला उत्तम असलेली बाटली इथे कामाची नाही. ट्रेस कामासाठीच्या शुद्धतेची घ्या, आणि लेबलवर विसंबू नका, तिसरी फेरी चालवा. नायट्रिक आम्लाचंही तेच. हे अमोनियम नायट्रेट ऑक्सिडायझर आहे. त्याला सेंद्रिय रसायनांपासून आणि उष्णतेपासून दूर, थोडक्या मापात ठेवा.

दुसऱ्या कामासाठी फॉस्फेट आणि मॅग्नेशियम नायट्रेटचं मिश्रण: प्रत्येक थेंबाला ५० मायक्रोग्रॅम अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ३ मायक्रोग्रॅम मॅग्नेशियम नायट्रेट. पॅलेडियम-मॅग्नेशियमही चालतं, साधारण ५ आणि ३ मायक्रोग्रॅम. अनेक धातू एकाच मॉडिफायरवर उरकायचे असतील तर मी पॅलेडियमच सुचवीन. फक्त शिसं असेल तर फॉस्फेट पुरतं.

आमचा प्रोग्रॅम असा स्थिरावला. ११० अंशांना ३० सेकंद, १३० ला ४० सेकंद. मग सावकाश चढत ४०० ला आणि तिथे ३० सेकंद. मग ८५० ला २५ सेकंद. अ‍ॅटमायझेशन एकदम १७०० ला, आर्गॉन बंद, ५ सेकंद. शेवटी २४५० ला ३ सेकंद सफाई. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका, वेगवेगळ्या यंत्रांची तापमानं आपसात पन्नास-शंभर अंशांनी सहज वेगळी असतात. पण त्यातली ४०० ची पायरी महत्त्वाची आहे. तिथे ट्यूबच्या छिद्रातून बारीक पांढरी रेघ वर जाताना दिसते. तोच अमोनियम क्लोराइड. ती रेघ शांतपणे, सरळ वर गेली पाहिजे. फुस्स करून उसळली तर चढ फार तीव्र आहे आणि थेंबाचा भाग उडून खिडकीवर बसतोय. चढाचा वेळ दुप्पट करा. वरचा एक्झॉस्ट चालू आहे ना, हेही तेव्हाच बघा.

तापमान स्वतः कसं ठरवायचं? दोन वक्र काढा. एक साध्या स्टँडर्डचा, एक स्पाइक केलेल्या नमुन्याचा, दोघांनाही तोच मॉडिफायर. चारिंगचं (मोजायच्या आधी मीठ जाळून घालवायच्या पायरीचं) तापमान ५०० पासून ११०० पर्यंत शंभरच्या पायऱ्यांनी वाढवा, प्रत्येक ठिकाणी तीन वाचनं. बहुतेक जण फक्त स्टँडर्डचा वक्र काढतात आणि फसतात. आमचा स्टँडर्ड ९०० पर्यंत सपाट होता. मॉडिफायर न घातलेला नमुना मात्र ६०० लाच घसरायला लागला होता, आणि आम्ही ७०० ला जाळत होतो. पुस्तिकेतला प्रोग्रॅम, तो साध्या पाण्यासाठी लिहिलेला. अमोनियम नायट्रेट आणि फॉस्फेट घातल्यावर दोन्ही वक्र ९०० पर्यंत सोबत चालले. घसरण सुरू होते तिथून पन्नास अंश अलीकडे थांबायचं.

पीककडे बघा, आकड्याकडे नंतर

सॉफ्टवेअर शेवटी एक आकडा देतं आणि आपण तो उचलतो. त्याआधी पडद्यावरची दोन पीकं एकमेकांवर ठेवून बघितली तर निम्मं निदान तिथेच होतं. नमुन्याचं पीक स्टँडर्डपेक्षा लवकर येतंय आणि बुटकं आहे: शिसं क्लोराइड होऊन पळतंय. दोन शेंड्यांचं पीक: काही शिसं मॉडिफायरने धरलंय, काही तसंच मोकळं राहिलंय. मॉडिफायर कमी पडतोय किंवा थेंब प्लॅटफॉर्मवरून ट्यूबच्या भिंतीवर सांडतोय. पीक उशिरा येतंय पण क्षेत्रफळ तेवढंच आहे: चिंता नाही, म्हणूनच तर क्षेत्रफळ मोजायचं. शेपूट खाली टेकतच नाही: अ‍ॅटमायझेशन तापमान कमी आहे किंवा ट्यूब संपत आली आहे.

प्लॅटफॉर्मचं महत्त्व इथे नीट कळतं. सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस ल्व्होव यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली: नमुना भिंतीवर न ठेवता एका छोट्या पत्र्यावर ठेवायचा, म्हणजे भिंत आणि आतला वायू आधी तापतात आणि शिसं वाफ होऊन निघतं तेव्हा आजूबाजूचं तापमान स्थिर असतं. भिंतीवरून निघालेलं शिसं थंड वायूत शिरतं आणि क्लोरीनला पुन्हा बळी पडतं. म्हणूनच मिठाच्या नमुन्याला प्लॅटफॉर्म नसलेली ट्यूब वापरू नका.

त्या पीकशेजारी बॅकग्राउंडची रेषाही उघडी ठेवा. बॅकग्राउंड वजा करायला ड्युटेरियम लॅम्पची दुरुस्ती असेल आणि बॅकग्राउंड १ अ‍ॅब्सॉर्बन्सच्या वर जात असेल, तर खाली आलेल्या शिशाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो कितीही सुबक दिसू दे. ड्युटेरियमची दुरुस्ती स्लिटच्या पूर्ण रुंदीतली सरासरी धरते, आणि मिठाचा धूर इतक्या झपाट्याने चढतो-उतरतो की दोन मोजण्यांच्या मधल्या क्षणात तो बदललेला असतो. पीक शून्याच्या खाली बुडी मारतं ते यामुळेच. झेमनवाल्या (चुंबकीय क्षेत्र वापरणाऱ्या) यंत्रात दुरुस्ती नेमक्या त्याच तरंगलांबीवर होते आणि ते जास्त सहन करतं. पण झेमन आहे म्हणून मीठ तसंच जाळायचं असं नाही. क्लोरीनने जखडलेलं शिसं झेमनलाही दिसत नाही. अमोनियम नायट्रेटनंतर आमचं बॅकग्राउंड १.६ वरून ०.३ वर आलं, आणि खरा दिलासा मला त्या रेषेकडे बघून मिळाला, रिकव्हरीच्या आकड्याने नंतर.

स्टँडर्ड अ‍ॅडिशनबद्दल

“मॅट्रिक्सचा त्रास आहे, स्टँडर्ड अ‍ॅडिशन करा” हा सल्ला हमखास मिळतो. मॅट्रिक्स म्हणजे इथे मीठ, आणि स्टँडर्ड अ‍ॅडिशन म्हणजे नमुन्यातच वाढत्या मापाने शिसं घालून त्यावरून रेषा काढणं. उपयोगी आहे, पण त्याची हद्द ओळखा. मीठ शिशाचा सिग्नल एका प्रमाणात दाबत असेल, म्हणजे रेषेचा उतार कमी होत असेल, तर स्टँडर्ड अ‍ॅडिशन ते भरून काढतं. बॅकग्राउंडमुळे किंवा घाणेरड्या ब्लँकमुळे प्रत्येक वाचनात ठरावीक भर पडत असेल, तर ते तसंच राहतं आणि उत्तरात मिसळतं. शिवाय नमुन्यातलं शिसं आणि वरून घातलेलं शिसं ट्यूबमध्ये सारखंच वागतं हे त्यात गृहीत असतं. म्हणून आधी पीक सरळ करा, ब्लँक स्थिर करा आणि मगच ते वापरा. आम्हाला रिकव्हरी ९६ ते १०३ मिळायला लागल्यावर त्याची गरज उरली नाही.

सोपी उलटतपासणी म्हणजे सौम्य करून बघणं. तेच द्रावण पाच पट पातळ करा आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणा. गुणाकार मूळ आकड्यापेक्षा बराच मोठा आला तर मीठ सिग्नल दाबत होतं. मात्र पातळ करायच्या पाण्यातली घाणही पाचने गुणली जाते, म्हणून त्या पाण्याचा ब्लँक सोबत चालवा.

दिवसभर टिकावं म्हणून

दर दहा नमुन्यांनंतर एक स्टँडर्ड आणि एक ब्लँक. स्टँडर्ड हळूहळू उतरत असेल तर ट्यूब झिजतेय. अमोनियम नायट्रेट ग्राफाइट खातं, त्यामुळे नेहमीपेक्षा ट्यूब लवकर संपेल हे धरूनच चाला. तीन वाचनांत पहिलं मोठं आणि पुढची दोन लहान येत असतील तर मागच्या नमुन्याचं शिसं रेंगाळतंय, सफाईचं तापमान किंवा वेळ वाढवा. पीपीबीची स्टँडर्ड रोज ताजी बनवा आणि त्यात आम्ल असू द्या, नुसत्या पाण्यात शिसं भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतं.

सगळं जागेवर आल्यावर एक काम उरलं होतं, आणि ते टाळता येण्यासारखं नव्हतं. रिकव्हरी ६५ असतानाच्या महिन्यांत आम्ही जे नमुने पास केले होते त्यांचं काय? ६५ टक्क्यांवर ०.३५ वाचलेला नमुना प्रत्यक्षात ०.५४ असू शकतो, म्हणजे मर्यादेच्या वर. त्या काळातले ०.३० च्या वरचे सगळे राखीव नमुने बाहेर काढून नव्या पद्धतीने पुन्हा चालवले. बहुतेक मर्यादेच्या आत राहिले. एक, जुन्या नोंदीत ०.३५ असलेला, ०.५२ आला. तिसऱ्यांदा वेगळ्या फ्लास्कमध्ये, वेगळ्या दिवशी केला, ०.५३. त्याच संध्याकाळी तो निकाल मागे घेतल्याचं पत्र गेलं, सोबत दोन्ही वेळची पीकं आणि बॅकग्राउंडच्या रेषा जोडून.